नाल्याच्या वळणावरची गाडी

आमचा वेदू गाडी आवाजावरून ओळखतो. गावात चाळीसेक मोटरसायकली तरी असतील, त्यातल्या अर्ध्या एकाच कंपनीच्या, पण ह्यांची गाडी नाल्याच्या वळणावर आली की हा आतल्या खोलीतून ओरडतो, "पप्पा आले!" आणि खरंच दोन मिनिटांत गाडी दारात. पाहुणे आले की आम्ही हे कौतुकानं सांगायचो, काय कान आहेत लेकराचे म्हणून. येत्या संक्रांतीला सात पूर्ण होतील त्याला.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेलेली, पाऊस नुसता कोसळत होता, हे राळेगाववरून यायचे होते आणि फोन लागत नव्हता. मी दारात उभी. वेदू माझ्या मागे, माझ्या गाऊनचा काठ मुठीत घट्ट धरून. मी सहज त्याच्या पाठीवर हात ठेवला तर अंग थरथरत होतं. थंडीनं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही कान तिखट असायची गोष्टच नाही, हे लेकरू रोज सात वाजल्यापासून नुसतं ऐकत बसलेलं असतं, अभ्यास करताना, जेवताना, टीव्ही पाहताना, सगळा जीव त्या वळणावर. जसा माझा असतो. जसा माझ्या मायचा असायचा.

वेदू भेतो. कशाकशाला ते सांगायचं तर हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणायला, लग्नातल्या डीजेला, घरी आलेल्या नवीन माणसाला, आभाळ गडगडलं की, रात्री आंगणात एकट्यानं जायला. शाळेच्या दिवशी सकाळी साडेनवाला पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. आणि हे नाटक नाहीये, मी पाहिलंय, चेहरा पांढरा पडतो, हातपाय गार होतात. त्याची बहीण आरू अकरा वर्षांची, ती याच्या एकदम उलट, गोठ्यात साप निघाला तर बॅटरी घेऊन सगळ्यात आधी ती. एकच घर, एकच आईबाप, एकाच ताटातलं जेवण. मग लोक म्हणतात, "पोट्टी वाघ हाय अन् पोट्टा भित्रा, उलटंच झालं बाई तुह्याकडं." हे त्याच्यासमोर म्हणतात. तो ऐकतो आणि खाली पाहतो, आणि मला इतका राग येतो की काय सांगू. तालुक्याला एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं, मोठा झाल्यावर होईल नीट म्हणाले.

गावात मात्र सगळ्यांना कारण माहीत आहे. "पोटात असताना भेव घेतलं त्यानं."

2018 सालचा कापूस आमच्या भागात ज्यांनी वेचला त्यांना ते वर्ष विसरता येणार नाही. टी-1 वाघीण, पेपरवाले तिला अवनी म्हणायचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव, पांढरकवडा, कळंब या पट्ट्यात दोनेक वर्षांत तेरा माणसं गेली, ती तिच्या नावावर लागली. पऱ्हाटी फुटलेली आणि वेचायला बाया मिळेनात, आल्या तरी घोळक्यानं, भोवताली काठ्या घेऊन माणसं उभी. चार वाजले की सगळं गाव घरात. जंगलात हत्ती आणले, ड्रोन आणले, कोर्टकचेऱ्या झाल्या. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली, दिवाळी चारपाच दिवसांवर होती. तिची दोन पिल्लं होती, दहाअकरा महिन्यांची. दुसऱ्या दिवशी गावागावात फटाके फुटले आणि मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन ओट्यावर बसून रडत होते, सुटल्यासारखंही वाटत होतं आणि त्या पिल्लांचंही वाईट वाटत होतं. त्याच्या आधीचे दोन महिने मी रात्रभर जागी असायचे. हे जागलीला वावरात आणि मी घरी, कुत्रं भुंकलं की छातीत धडधड. वेदू संक्रांतीला झाला.

म्हणून सहा वर्षं मी हेच धरून बसले की हे माझ्यामुळं झालं, मी तेव्हा मन घट्ट ठेवायला पाहिजे होतं.

माझं गावात ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, ई-केवायसी असली कामं. सर्व्हर बंद पडला की तासनतास वाट पाहावी लागते, त्या रिकाम्या वेळात मी यावर वाचायला लागले, बी.एस्सी. केलेलं कुठंतरी कामी आलं म्हणायचं. पहिल्यांदा जे सापडलं त्यानं तर मी खचलेच. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ हजारो गरोदर बायांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय आणि 2002 साली त्यातून छापून आलं की ज्या बाया गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत खूप चिंतेत होत्या त्यांच्या मुलांमध्ये चार वर्षांच्या वयाला भीती, चिडचिड, वागण्याच्या अडचणी जास्त दिसल्या. म्हणजे गाव म्हणतं ते खरंच होतं की काय. त्या दिवशी मी सेंटर लवकर बंद केलं.

पण मग डोक्यात आलं, जी बाई पोट असताना जास्त घाबरते ती मुळातच घाबऱ्या स्वभावाची असेल, आणि तो स्वभाव लेकराला रक्तातूनही जाऊ शकतो ना. मग यात पोटातलं किती आणि रक्तातलं किती? ते वेगळं करणार कसं?

रक्तातलं मोजायला शास्त्रज्ञ जुळ्या मुलांकडं जातात. एकाच बीजातून झालेली जुळी, त्यांची जनुकं सारखी, आणि दोन बीजांतून झालेली जुळी, जी साध्या भावंडांइतकीच सारखी. दोन्ही जोड्या एकाच घरात वाढतात. पहिल्या प्रकारची जुळी भीतीच्या बाबतीत एकमेकांसारखी जास्त निघाली तर तेवढा वाटा जनुकांचा. असे कितीतरी अभ्यास झालेत आणि मुलांच्या चिंतेबाबत आकडा बहुतेक तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांच्या आसपास येतो. आता याचा अर्थ वेदूच्या भीतीतले चाळीस टक्के माझे नि बाकीचे साठ शाळेचे असा होत नाही, मला पण आधी तसंच वाटलं होतं. आमच्या वावराचा अर्धा भाग बरड आहे, अर्धा भारी काळा. दोन-तीन कंपन्यांचं बियाणं दरवर्षी लावतो. पूर्ण वावरात झाडाझाडात जो फरक दिसतो, हे झाड कमरेएवढं, ते गुडघ्याएवढं, त्या फरकातला किती बियाण्यामुळं आणि किती जमिनीपाण्यामुळं हे सांगता येतं, पण एका झाडाकडं बोट दाखवून याची एवढी बोंडं बियाण्याची आणि एवढी पावसाची असं कोण सांगू शकेल. तसंच आहे ते.

आणि भीतीचं असं एखादं जनुकही नाही. 1996 साली मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाशी संबंधित एका जनुकाचा चिंताळू स्वभावाशी संबंध दाखवला होता, खूप गाजलं ते, पण पुढं लाखो लोकांची माहिती तपासता यायला लागली तसे असे एकेका जनुकाचे दावे गळत गेले. आता जे दिसतं ते असं की शेकडो, कदाचित हजारो जागा, प्रत्येकीचा कणभर हिस्सा.

हा कणभर कणभर हिस्सा मिळून काय होतो ते मला जेरोम केगन या हार्वर्डच्या माणसाचं काम वाचून कळलं. त्यानं चार महिन्यांच्या बाळांना नव्या नव्या गोष्टी दाखवल्या, हलणारी खेळणी, अनोळखी आवाज, उग्र वास. पाचातलं एखादं बाळ जोरजोरात हातपाय झाडून रडायला लागायचं, आणि साधारण चाळीस टक्के बाळं शांत पडून पाहत राहायची. ती हातपाय झाडणारी बाळं पुढं बुजरी, सावध निघायची शक्यता जास्त होती. 2003 मध्ये असा अभ्यास आला की दोन वर्षांचं असताना जे बुजरे होते त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामासारखा भाग वयाच्या विशीतही अनोळखी चेहरे पाहून इतरांपेक्षा जास्त पेटतो. हे वाचताना मला वेदू आठवला, चार महिन्यांचा, कुकरची शिट्टी झाली की अख्खं अंग उडायचं आणि मग अर्धा तास रडणं, आणि आरू बॅन्डच्या गाडीशेजारी झोपायची. म्हणजे तो असाच आला होता. हट्ट नाही, लाड नाही. पण केगननं हेही दाखवलं की त्या हातपाय झाडणाऱ्या बाळांतली फार थोडी शेवटपर्यंत तशीच भित्री राहिली. बरीचशी मधे कुठंतरी येऊन स्थिरावली. मला त्या 'बरीचशी'नं किती आधार दिला.

आणि मग ब्रिटनमधल्या कार्डिफचा अभ्यास सापडला, 2010 चा. यात टेस्ट ट्यूबनं झालेली मुलं होती, त्यातली काही आईच्या स्वतःच्या बीजातून आणि काही दुसऱ्या बाईनं दिलेल्या बीजातून. म्हणजे काही आया अशा की नऊ महिने पोटात वाढवलं पण रक्ताचं नातं नाही. पोटातलं आणि रक्तातलं वेगळं करायची याच्यापेक्षा चांगली युक्ती मला तरी सुचली नसती. मुलांच्या चिंतेबद्दल त्यात निघालं ते मी तीनदा वाचलं. गरोदरपणातला ताण आणि मुलाची चिंता यांचा जो संबंध दिसत होता तो मुख्यतः आईच्या आजच्या चिंतेमुळं, आजच्या उदासीमुळं होता.

आजच्या.

2018 ची वाघीण गेली. मी अजून दारात उभी आहे, रोज सात वाजता, आणि माझा काठ धरून एक लेकरू.

आता हे सांगायला जड जातं पण सांगते. माझं माहेर कळंबकडचं, कोरडवाहू, कापूस आणि तूर. मी आठवी-नववीत असतानाची ती वर्षं, 2004, 2005, 2006. तेव्हा शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव असायचं. 2006 च्या जुलैत पंतप्रधान आले, सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज झालं, त्या आधीच आमच्या गल्लीतले एक काकाजी गेले होते. त्यांच्या घरी मी पाणी भरायला जायचे. त्यानंतर आमच्या घरात कोणी काही बोललं नाही, पण मायनं घरातली एक लाकडी पेटी कुलपात ठेवायला सुरुवात केली, त्यात काय होतं ते मला फार उशिरा समजलं. आणि शाळेतून आलं की मला चहाची किटली द्यायची, "जाय वं, बाबाले चहा देऊन ये. अन् पाहून ये." काय पाहून यायचं ते कधी सांगितलं नाही. मी धुऱ्यानं चालत जायची, लांबूनच बाबांचा मळका पांढरा सदरा शोधायची, दिसला की पोटातला गोळा सुटायचा. एखाद्या दिवशी ते वाकलेले असायचे, पऱ्हाटीआड दिसायचे नाहीत, तेवढ्या अर्ध्या मिनिटात मी काय काय पाहून घ्यायची. घरी आल्यावर माय फक्त माझ्या तोंडाकडं पाहायची. मी मान हलवली की ती चूल पेटवायला जायची.

बाबा आहेत अजून, देवदयेनं. सत्तरी आली. पण ती पाहून यायची सवय माझ्या अंगातून गेली नाही. आणि मायला मी काय दोष देऊ, तिची भीती खोटी नव्हती, शेजारच्या घरात खरी होऊन बसली होती.

स्वीडनमधला एक अभ्यास आहे, 2015 ला आलेला, लंडनच्या थालिया इली यांचा. त्यांनी मोठ्या झालेल्या जुळ्यांची आणि त्यांच्या वयात आलेल्या मुलांची तुलना केली. एकसारख्या जुळ्या बहिणी असतील तर मावशीची जनुकं मुलाशी आईइतकीच जुळतात, पण मावशी काही घरात राहत नाही. चिंता नुसती रक्तातून जात असती तर मुलाची चिंता मावशीशीही तितकीच जुळली असती. तसं दिसलं नाही. आईबाप चिंतेचे तर मुलं चिंतेची, हा धागा जनुकांचा हिशेब बाजूला काढला तरी उरला. म्हणजे घरात, रोजच्या वागण्यात काहीतरी जातं. यात दुसरी बाजूही असते, घाबरं लेकरू पाहून आई जास्त जपते आणि जास्त जपल्यानं लेकरू आणखी घाबरतं, कोण कोणाला घाबरवतंय ते सुटं करणं अवघड.

कसं जातं तेही लोकांनी पाहिलंय. 1985 च्या एका प्रयोगात वर्षाच्या बाळांना एका काचेच्या टेबलावर ठेवलं, पुढं खोलगट दिसेल असं, पलीकडं आई. आईनं हसरा चेहरा केला तर 19 पैकी 14 बाळं रांगत पार गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तर 17 पैकी एकही गेलं नाही. काच तीच, खोली तीच. ऑस्ट्रेलियात 2002 साली दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना रबरी साप आणि कोळी दाखवले, आयांनी तोंड वाकडं केलं तर पुढं आई नॉर्मल असतानाही मुलं त्या खेळण्यापासून लांब राहिली. एकदाच्या चेहऱ्यानं. माकडांवर तर आणखी आधी झालंय, प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नसते, दुसऱ्या माकडाला सापापुढं घाबरताना पाहिलं की काही मिनिटांत शिकतात, पण व्हिडिओ जोडून तेच माकड फुलाला घाबरतंय असं दाखवलं तर शिकत नाहीत. म्हणजे काही भीत्यांसाठी जागा आधीच तयार असते, कोणीतरी दाखवायचं बाकी असतं.

हे वाचल्यावर मी वेदूकडं लक्ष देऊन पाहायला लागले. वीज चमकली की तो आभाळाकडं पाहतच नाही. माझ्या तोंडाकडं पाहतो.

आता कोणी म्हणेल मग घाबरू नका, हसत राहा. शहरात बसून म्हणायला ठीक आहे. आमच्याकडं वाघाचं भेव पाहिजेच. वीज पडून दरवर्षी वावरात माणसं जातात, त्या विजेचं पण पाहिजे. लेकराला काही होत नाही रे असं सांगणं म्हणजे खोटं सांगणं, आणि लेकरांना खोटं लगेच कळतं. मी यावर फार दिवस अडकून होते.

वाट दाखवली ती सासूबाईंनी, ज्या चौथी शिकल्या आहेत. त्यांना भीती कमी असते असं मला वाटायचं, तसं नाही, त्यांचं भेव कामाला लागलेलं असतं. अंधार पडायच्या आत नाल्याकडून यायचं, एकट्यानं वाकून वेचायचं नाही, जाताना मोठ्यानं बोलत जायचं. झालं, तेवढं पाळलं की त्या विषय सोडून देतात, रात्रभर उगाळत बसत नाहीत. एकदा रात्री गोठ्यात जायचं होतं आणि वेदू नाही म्हणत होता, मी म्हणणार होते की राहू द्या मी जाते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "भेव लागते तं लागू दे, बॅटरी तं धर. मले दिसत नाही." तो गेला. बॅटरीचा उजेड नुसता हलत होता, पण गेला. वापस येऊन म्हणे, "आजी, म्हैस झोपली होती."

येल विद्यापीठात एली लेबोविट्झ म्हणून आहेत, त्यांनी अशी पद्धत काढली की ज्यात घाबऱ्या मुलाला नाही तर त्याच्या आईबापांना शिकवतात. मुलाचं टाळणं आपण सांभाळून घेतो ना, त्याच्याऐवजी आपण बोलतो, त्याच्या शेजारी झोपतो, शाळेला दांडी मारू देतो, ते हळूहळू कमी करायचं, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी एकत्र सांगायच्या, तुला भीती वाटतेय हे मला समजतं, आणि तू हे निभावशील हे मला माहीत आहे. नुसतं पहिलं सांगितलं तर लेकरू तिथंच बसून राहतं, नुसतं दुसरं सांगितलं तर एकटं पडतं. या पद्धतीनं मुलं समुपदेशनाइतकीच सुधारली, मुलांना थेट न भेटता. अमेरिकेतच 2015 मध्ये चिंतेचा आजार असलेल्या आईबापांच्या मुलांवर काम झालं, कुटुंबाला आठेक बैठका दिल्या, वर्षभरात काहीच मदत न मिळालेल्या मुलांत शंभरातल्या तिसाएक जणांना चिंतेचा आजार झाला, मदत मिळालेल्यांत दहाच्याही आत. मायच्या वेळेला असं काही नव्हतं. 2015 नंतर शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, 2022 पासून 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीचा नंबर आहे, फुकट आणि मराठीत. मी लावला होता एकदा, दुपारी सेंटरचं शटर अर्धं ओढून. वेदूबद्दल विचारायला लावला आणि बोलले सगळं धुऱ्याबद्दल.

त्यानंतर आम्ही घरात थोडंथोडं बदलतोय. 'भित्रा' हा शब्द बंद, पाहुण्यांना पण तोंडावर सांगते की असं म्हणू नका. मास्तरांना विनंती केली की हजेरीला पहिले पंधरा दिवस त्यानं नुसता हात वर केला तर चालू द्या, ते भले आहेत, मानले, आता बारीक आवाजात 'हजर' येतं. पोट दुखलं तरी शाळेत जायचं, फाटकापर्यंत मी, मग झाडापर्यंत मी, आता कोपऱ्यापर्यंत. दोनदा फसलं, रडला, उलटी केली, मी घरी आणलं आणि मग स्वतःवर चिडले. परत सुरू केलं. ह्यांनी निघताना एक फोन करायचा ठरवलंय, फोन नाही आला तर साडेआठपर्यंत काहीही समजायचं नाही. आणि दारात उभं राहायचं नाही. हे शेवटचं माझ्यासाठी आहे, सगळ्यात अवघड तेच जातंय, पाय आपोआप उंबऱ्याकडं जातात.

परवा कापूस जिनिंगला नेला होता, गाड्यांची लाइन, यायला उशीर. आठ वाजून गेले. वेदूनं विचारलं, "मम्मी, पप्पाची गाडी?" मी म्हटलं नाही आली अजून, आणि भाकरी थापत राहिले, हात थोडा कापत होता, परातीत नीट बसेना. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आरूला म्हणाला, मीठ दे.

नाल्याच्या वळणावर आवाज आला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच मान वर केली. कोणी उठलं नाही. ह्यांनी गाडी लावली, दारात थबकले आणि म्हणाले, "काऊन बाप्पा, आज कोणीच नाही दारात?"

आतून वेदू म्हणाला, "आमी जेवून राह्यलो. हात धुवून या."